नवशिक्यांसाठी सिनेमाचे चाळीस शब्द

सारायेवो, बिस्त्रिक
मे महिन्यातला दुसरा रविवार

प्रिय मूनाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे नुसरेतचा, सलाम. दाजींनाही माझा सलाम सांग आणि त्यांची सिगारेट खरंच सुटली का तेही कळव (त्यांनी कळवलेलं नको, तू कळव). तुझे गुडघे कसे आहेत? माल्मोच्या डॉक्टरने तुला पोहायला सांगितलंय असं मागे म्हणाली होतीस. सत्तरीतल्या बोस्नियन बाईला पोहायला सांगणारा डॉक्टर एक तर फार हुशार असणार नाही तर फार तरुण. माझं बरं आहे. रक्तदाब जरा वर असतो, पण बिस्त्रिकच्या चढावर राहणाऱ्या माणसाचं सगळंच जरा वर असतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा मांजर पाळलंय. इथपर्यंत सगळं कुशल आहे. आता जे कुशल नव्हतं ते सांगतो.

एकतीस वर्षं शूटिंगवर क्लॅपची पाटी वाजवून मी निवृत्त झालो (बेचाळीस चित्रपट, प्रत्येकाच्या सुरुवातीला माझे हात होते आणि प्रत्येकातून ते कापून टाकलेले आहेत). अशा माणसाला निवृत्तीनंतर फारसं कोणी विचारत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत इंदिराबाईंचा फोन आला तेव्हा मी तो दुसऱ्याच रिंगला उचलला. ह्या बाई चपलांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, परदेशी लोकांना आपली भाषा शिकवण्याचे वर्ग चालवतात. त्यांचं म्हणणं असं पडलं की ऑगस्टात महोत्सवाला ही माणसं चित्रपट बघतात, खाली अक्षरं उमटतात म्हणून ते कळतातही, पण नंतर कॅफेत त्यावर भांडण सुरू झालं की बिचाऱ्यांना नुसतं हसत बसावं लागतं. तेव्हा मी सहा आठवड्यांत त्यांना सिनेमाचे चाळीस शब्द शिकवावेत. व्याकरण नको, त्यासाठी वेगळ्या बाई आहेत. चाळीसच का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भिंतीवरच्या तक्त्यावर तेवढेच मावतात."

वर्गात सात जण आले. एक निवृत्त इटालियन न्यायाधीश होता, तो प्रत्येक चित्रपट संपल्यावर दोषी कोण ते सांगायचा. बाकीचे साधे होते. आपला सिनेमा नवशिक्यांना फार सोयीचा आहे हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. नायक येतो, बसतो, कॉफी ढवळतो, खिडकीबाहेर बघतो. तेवढ्या वेळात शब्दकोशात तीन शब्द सापडतात. कोणीतरी मेलेलं असतं, कोणीतरी जर्मनीहून परत आलेलं असतं, आणि दोघांसाठी कॉफी एकाच जेझ्वेत, त्या लांब दांड्याच्या भांड्यात, उकळते. मी पडदा थांबवायचो, बोट दाखवायचो, शब्द म्हणायचो, आणि ते सात जण माझ्यामागून म्हणायचे. अडचण एवढीच की मी हे शब्द आयुष्यभर शूटिंगवर ऐकले आणि ओरडले आहेत, त्यामुळे माझ्याकडून ते ओरडूनच शिकवले गेले. "तिशिना" म्हणजे शांतता, हा शब्द माझ्या वर्गात शिकलेला माणूस तो हळू आवाजात म्हणूच शकत नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. "राद्न्या" म्हणजे कथानक, हे मी सांगितलं. राद्न्या म्हणजे दुकानही, हे सांगायचं राहिलं. "क्राय" म्हणजे शेवट, हे सांगितलं. क्राय म्हणजे शेजारी, अगदी लगत, आणि आपला मोहल्लाही क्रायच, हे तक्त्यावर जागा नव्हती म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात फेम्के नावाची एक डच मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि अतिशय नम्रपणे, इंग्रजीत, म्हणाली की तुमच्या शहरात गल्लोगल्ली "राद्न्या भाड्याने देणे आहे" अशा पाट्या आहेत, मग तुमच्या दिग्दर्शकांना एकही का मिळत नाही. (हे मी बेचाळीसही दिग्दर्शकांना कळवणार होतो, पण त्यातले बरेच वारले आहेत.)

ह्या फेम्केबद्दलच मला लिहायचं आहे. वय तिशीच्या आसपास, दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करते. त्यामुळे समोरचा बोलत असला की ती त्याच्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघते की बोलणाऱ्याला वाटतं, हिला सगळं कळतंय. तिचा नवरा एदिब आपल्याकडचा, व्रात्निकचा, रुग्णवाहिका चालवतो. दोघांची भेट उट्रेख्टला झाली, लग्नही तिथेच झालं, आणि ह्या हिवाळ्यात ती दोघं इथे त्याच्या आईच्या घरात, वरच्या मजल्यावर, राहायला आली. आईचं नाव शेम्सा. सासूला डच येत नाही, सुनेला बोस्नियन येत नाही, आणि मध्ये एदिब भाषांतराला. तो कसलं भाषांतर करतो म्हणून सांगू? सासू दोन मिनिटं हातवारे करून बोलते, डोळे पुसते, छताकडे बघते, आणि एदिब म्हणतो, "आई म्हणते, अजून घे." फेम्के आधी व्याकरणाच्या बाईंकडे गेली होती. तिथे महिनाभर "हे टेबल आहे" चाललं, मग टेबलाच्या सात विभक्त्या सुरू झाल्या. तिला बैरामच्या, म्हणजे ईदच्या, जेवणापर्यंत सासूशी स्वतःच्या तोंडाने दोन वाक्यं बोलायची होती. म्हणून ती माझ्याकडे आली. चाळीस शब्दांत जेवणाचा एकही नव्हता, हे मी तिला सांगायला हवं होतं.

बैरामला शेम्साबाईंनी भेंडी घातलेली कोंबडीची चोर्बा केली, कोबीच्या पानांत भरलेली सार्मा केली, बक्लावा केला. तिघं बसणार, एवढ्यात एदिबला फोन आला. सणाच्या दिवशी लोक जास्त खातात आणि मग रुग्णवाहिका लागते. तो गेला. दोघी उरल्या. शेम्साबाई अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं, म्हणजे बोलायला लागल्या. फेम्केला काही कळेना. तिला कौतुक करायचं होतं की तुमचं घर किती शांत आहे, किती बरं वाटतं इथे. त्यासाठी तिच्याकडे एकच शब्द होता, आणि तो तिने माझ्या आवाजात म्हटला.

शेम्साबाईंच्या हातातली पळी चोर्बेत पडली. फेम्के लाल झाली. माफीचा शब्द चाळिसात नव्हता. म्हणून शूटिंगवर "तिशिना"नंतर जे होतं ते तिने केलं, म्हणजे दोन्ही हात एकावर एक आपटले आणि सासूकडे बघून मान हलवली: करा सुरुवात.

आता घाबरलेला माणूस काय बोलणार? जे सगळ्यात पाठ असेल ते. शेम्साबाईंनी चुलीची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लढाईचा पहिला हिवाळा, वीज नाही, सरपण नाही. त्यांच्या नवऱ्याने, अव्दोने, आपलं अकॉर्डियन देऊन धुराड्याची एक पत्र्याची चूल मिळवली आणि मुलाच्या घसरगाडीवर बांधून व्रात्निकच्या चढावर ओढत आणली. घर वीस पावलांवर आलं आणि दोरी तुटली. चूल घसरगाडीसकट उलटी खाली निघाली. पाण्याच्या रांगेत चाळीसेक माणसं उभी होती. वरून काहीतरी शीळ घालत येतंय म्हटल्यावर तोफगोळा समजून सगळी जागच्या जागी बर्फात पालथी पडली. चूल त्यांच्यामधून गेली आणि नळाजवळ जाऊन थांबली. अव्दो वर उभा राहिला आणि त्याने नाटकातल्यासारखं कमरेत वाकून सगळ्यांना अभिवादन केलं. इथे सगळे हसतात. आणि इथेच एदिब दरवेळी म्हणतो, "आई, पुरे आता." मग बक्लावा येतो.

त्या दिवशी पुरे म्हणणारा घरात नव्हता. फेम्के तोंडाकडे बघत बसलेली. शेम्साबाई अभिवादनापर्यंत आल्या, थांबल्या, वाट बघितली. कोणी काही म्हणेना. म्हणून त्या पुढे गेल्या. अव्दोने चूल पुन्हा वर आणली. पेटवली. लहानगा एदिब शेजारी मुनिबच्या घरी झोपला होता. अव्दो चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "शेम्सा, आता कॉफी कर, आज आपण श्रीमंत आहोत." कॉफी म्हणजे भाजलेल्या मसुरीची. त्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, जेझ्वे हलवली, ओतली, वळल्या. तो तसाच बसला होता, एक हात चुलीजवळ धरून, आणि नव्हता.

फेम्केला वाटलं, गोष्ट संपली असावी. खात्री करावी म्हणून तिने भिंतीवरच्या अव्दोच्या फोटोकडे बोट करून विचारलं, "क्राय?"

शेवट? असं तिला विचारायचं होतं. शेम्साबाईंनी ऐकलं, शेजारी? त्याच्या लगत होतीस? हे त्यांना तेहतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, कारण त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी त्याच्या शेजारी बसले होते, त्याचा हात माझ्या हातात होता. त्यांनी टेबलाकडे बघत म्हटलं, "नाही, पोरी. शेजारी नव्हते. माझी पाठ होती त्याच्याकडे."

फेम्केला त्यातलं "नाही" कळलं. म्हणजे अजून शेवट झालेला नाही. आणि सासूचं काहीतरी चुकलं असावं, कारण ती रडत होती. शूटिंगवर कोणाचं चुकलं तर काय म्हणतात ते तिला येत होतं. ती अगदी मायेने म्हणाली, "पोनोवो." पुन्हा, पहिल्यापासून.

आणि शेम्साबाईंनी पुन्हा सांगितली. एदिब संध्याकाळी परत आला तेव्हा चोर्बा गार झाली होती, सार्मेला कोणी हात लावला नव्हता, आई ओक्साबोक्शी रडत होती आणि बायको तिच्यासमोर ताठ बसून तिसऱ्यांदा "पोनोवो" म्हणत होती.

त्याला काय वाटलं असेल ते तू समजू शकतेस. भांडण झालं (त्याला भाषांतर लागलं नाही). दुसऱ्या दिवशी त्याने इंदिराबाईंना फोन करून विचारलं की तुमच्याकडे भाषा शिकवतात की चौकशी करायला शिकवतात. इंदिराबाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की एक तर मी जाऊन हे निस्तरावं, नाही तर तक्ता खाली उतरेल. मला तक्त्याचं फारसं काही नव्हतं. पण फेम्के शनिवारच्या विमानाने उट्रेख्टला परत जाणार असंही त्या म्हणाल्या, आणि ते मला बरं वाटलं नाही. इतकी वर्षं मी फक्त पाटी वाजवली. पाटीनंतर जे होतं त्याची जबाबदारी कधी माझ्यावर आली नव्हती.

गुरुवारी दुपारी मी व्रात्निक चढलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पाकातल्या हुर्माशित्सेंचा डबा कोटाच्या खिशात ठेवला. उभा ठेवायला हवा होता, आडवा ठेवला. निम्म्या चढावर मांडी गरम वाटायला लागली, वर पोचेपर्यंत पाक मोज्यात उतरला होता. दार शेम्साबाईंनीच उघडलं. बुटका बांधा, पांढरा रुमाल, चष्मा दोऱ्याने गळ्यात. मी दारातूनच माफी मागायला सुरुवात केली.

"आत या, मास्तर," त्या म्हणाल्या. "दारात उभं राहून बोलायला तुम्ही काय मीटर बघायला आलात? आणि बूट काढा."

बूट काढले. जिन्यापाशी एक निळी बॅग उभी होती, भरलेली. बैठकीत एदिब हाताची घडी घालून सोफ्यावर, फेम्के खिडकीत. मी बसलो. डावा मोजा गालिच्याला चिकटला, तो पाय मग मी हलवला नाही. म्हणालो की शब्द मी शिकवले, ते ओरडून शिकवले, चूक माझी, मुलीची नाही.

"कसली चूक?" शेम्साबाई म्हणाल्या. "ह्या घरात सगळे मला म्हणतात, आई, पुरे. ही म्हणाली, गप्प. गप्प म्हटलं की निदान कळतं, बोललेलं ऐकू जातंय."

"आई, तिने तुला रडवलं," एदिब म्हणाला.

"मग? तुझ्या परवानगीने रडू?"

एदिब माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला माहीत नाही. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय. चूल, बर्फ, रांग. ती सांगते आणि नंतर दोन दिवस जेवत नाही. म्हणून मी थांबवतो."

"तुला माहीत आहे पुढचं?" मी विचारलं.

"पुढे काय? बाबा गेले. आई शेजारी होती."

शेम्साबाईंनी चष्मा लावला, मग काढला. आणि माझ्याकडे तोंड करून, पाहुण्याला सांगतात तसं, पहिल्यापासून सुरू केलं. मी पडलो शूटिंगचा माणूस. मनात आलं, हा चौथा टेक. अकॉर्डियन, दोरी, रांग, अभिवादन. मला हसू आलं, मी हसलो. एदिब सवयीने म्हणाला, "पुरे, आई, मास्तरांना उशीर..." आणि खिडकीतून फेम्केने दोन बोटांची कात्री करून त्याला शांतपणे म्हटलं, "रेझ." कट. हा शब्द मी पहिल्याच दिवशी शिकवला होता. उच्चार चांगला होता.

तो थांबला. शेम्साबाई पुढे गेल्या. पाठ करून उभ्या राहिल्या त्या जागी त्यांचा आवाज जरा बारीक झाला, एवढंच. "तुला खोटं सांगितलं होतं, एदिब," त्या म्हणाल्या. "लहान होतास. आणि मग मोठा झालास तेव्हा तू ऐकेचनास."

एदिबने उठून सगळ्यांचे कॉफीचे पेले गोळा केले (माझा अर्धा भरलेला होता) आणि तो स्वयंपाकघरात गेला. तिथे नळ बराच वेळ चालू होता. शेम्साबाई म्हणाल्या, "चार पेले धुवायला एवढं पाणी," आणि उठून आत गेल्या. मग नळ बंद झाला. मी मोजा सोडवून घेतला आणि निघालो. तुला वाटेल मी काहीतरी निस्तरलं. मी फक्त बसलो होतो, आणि तेही पाकामुळे.

शनिवारचं विमान गेलं. सोमवारी फेम्के वर्गात आली. मी विचारलं, बॅगेचं काय झालं? तिने थोडा विचार करून, मिळतील त्या शब्दांत उत्तर दिलं, "बॅग वर. बॅगेत कथानक नाही." मी पूर्ण गुण दिले.

इंदिराबाई खूश आहेत. वर्ग पुढे चालू ठेवायचाय, पण आता शब्दांबरोबर सातही विभक्त्या मीच शिकवाव्यात अशी त्यांची अट आहे. मला त्यातल्या तीन नीट येतात, चौथी कानावरून जाते. तू अठ्ठावीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलंस. तुझ्या जुन्या वह्या माल्मोला असतील तर पाठव, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. दाजींना जप, गुडघ्यांना पाण्यात घाल.

तुझा,
नुसरेत

ता. क. मी आता दर गुरुवारी व्रात्निकला जातो. उच्चार तपासायला. चूल पहिल्या दिवशी वीस किलोची होती, ह्या गुरुवारी ऐंशीची झाली आणि रांगेत दोनशे माणसं आली. शेवट मात्र दरवेळी तोच असतो, त्यात त्या एक शब्दही बदलत नाहीत.

आणखी एक ता. क. फेम्केला मी ती गोष्ट नंतर जिन्यात समजावून सांगितली. तोपर्यंत चारदा ऐकून तिला एवढंच कळलं होतं की सासूबाईंना नवी चूल हवी आहे, आणि तिने ती मागवलीही होती. विजेची, चार शेगड्यांची. दुकानवाला परत घेत नाही. जिन्यात पडून आहे. शेम्साबाई तिच्यावर कुंड्या ठेवतात.

शेवटचं. वह्या नाही सापडल्या तरी चालेल. इंदिराबाईंना मी कालच पुस्तक मागितलंय. मला दुसरंच विचारायचं होतं. आई गेली त्या दिवशी मी याब्लानित्साला शूटिंगवर होतो आणि घरी तू एकटी होतीस. तेव्हापासून तू कितीदा सुरू केलंस, "त्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली," आणि मी म्हणालो, असू दे मूना, जुनं झालं. मला वाटायचं तुला त्रास नको. आई काय म्हणाली ते मला अजून माहीत नाही. जुलैत तू येशील तेव्हा मला सांगशील का? लिहून नको आणि फोनवरही नको. फोन मी ठेवून देतो, हे तुलाही माहीत आहे.